रिकामी मशीन

४ एप्रिल

चि. भावास ताईचा आशीर्वाद.

तुझ्या नव्या पुस्तकाची प्रत मिळाली. जाड आहे. शिवणखोलीचं दार वाऱ्याने आपटायचं, आता आपटत नाही.

पत्राचं कारण वेगळं. घरामागची पाणथळ बुजवायचं नगरपालिकेच्या मनात आहे. तिथे बसचं आगार होणार म्हणे. त्यांचा अभियंता परवा पँटची उंची कमी करून घ्यायला माझ्याकडे आला होता. पँट चार बोटं लांब होती. ज्याला स्वतःचे पाय मोजता येत नाहीत तो आता पाणथळ मोजतोय. टाचण्या लावता लावता मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. तीस मेला सभा आहे, तेव्हा ठराव होणार. मात्र दुर्मिळ पक्षी तिथे घरटी करतो असं एखाद्या जाणकाराने लिहून दिलं, तर कायद्याने भराव घालता येत नाही. तो हसत म्हणाला, या चिखलात बेडकांशिवाय कोण येतंय. मी सांगितलं, माझा धाकटा भाऊ संग्रहालयात पक्षी विभागाचा प्रमुख होता, आणि ज्या पक्ष्यापायी त्याने जन्म घालवला तो माझ्या खिडकीखाली राहतो. एवढ्यात टाचणी टोचली आणि त्याचं हसू थांबलं. चुकून टोचली असं मी म्हटलं.

तर तुझा तो रेघाळ वटवट्या. चिमणीपेक्षा बारका, मातकट, अंगावर रेघा. जन्मभरात मी त्याला दोनदाच पाहिलं आणि दोन्ही वेळा आधी उंदीर समजले. लव्हाळ्याच्या बुडाशी तुरुतुरु पळतो, उडायचं त्याच्या अगदी जिवावर येतं. ऐकू मात्र या दिवसांत रोज येतो. उजाडलं की सुरू. दोरा न ओवता मशीन चालवली तर जसा आवाज येईल तसा, बारीक आणि एकसुरी. मी त्याला रिकामी मशीन म्हणते.

ये, ऐक आणि लिहून दे. बाबांच्या घराला तुझे पाय लागून अकरा वर्षं झाली, तेवढंही होऊन जाईल.

तुझी ताई


११ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिलंस हे उत्तम केलंस. फोनवर तू पुटपुटतेस. हल्ली सगळेच पुटपुटतात, आमच्या घरातसुद्धा. तोंड उघडून बोलण्याची रीतच राहिली नाही.

आता तुझा पक्षी. रेघाळ वटवट्या दाट लव्हाळ्यात राहतो, जिथे पायाखाली घोटाभर पाणी असतं आणि वर गेल्या वर्षीचं वाळकं गवत. घरटं जमिनीपासून वीतभर उंचीवर. मादी घरट्यावर थेट कधीच उतरत नाही. चार हात लांब उतरते आणि गवताखालच्या वाटेने चालत जाते. नर गाताना मान फिरवत राहतो, त्यामुळे आवाज कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो. जोडी जमली की त्याचं गाणं बंद होतं, ते दुसऱ्या विणीपर्यंत. हे सगळं लिहितोय कारण तुझ्या पत्रात उंदीर आणि शिवणयंत्र यांपलीकडे काही नाही.

त्या पाणथळीतला शेवटचा रेघाळ वटवट्या संग्रहालयाच्या चाळिसाव्या कप्प्यात आहे. पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं अक्षर. तिथले अकरा नमुने मी स्वतः बंदुकीने मिळवले. तेव्हा तीच पद्धत होती. त्यानंतर सव्वीस वर्षांत एकाही जाणत्या माणसाने तो तिथे नोंदलेला नाही. तुला ऐकू येतो, हे ठीक आहे. चाळीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईच्या कानात दुसरं काय वाजणार? पण ऐकलं म्हणजे नोंद झाली असं नसतं. तारीख, वेळ आणि किती वेळ, याला नोंद म्हणतात. बाकी सगळी वटवट.

योगायोगाने नगरपालिकेनेही मला पाहणीसाठी रीतसर विचारलं आहे. सव्वीस एप्रिलला पहाटे येईन. भडक कपडे नकोत, बोलणं नको, कसलाही आवाज नको आणि खाण्यापिण्याचा आग्रह तर मुळीच नको.

तुझा भाऊ


३ मे

चि. भावास आशीर्वाद.

तू जाऊन आठवडा झाला. पत्र लिहायला उशीर केला, कारण तुझं कौतुक करायची हाताला सवय नाही.

मी खिडकीतून सगळं पाहिलं. तू घोटाभर पाण्यात उभा होतास, गळ्यात टेपचं यंत्र. सव्वासहाच्या आत तो सुरू झाला. तुझ्यापासून दहा पावलांवर असेल, जास्त नाही. तू वही काढलीस, काहीतरी लिहिलंस आणि डोळे मिटलेस. तो थांबला, पुन्हा गायला. तिसऱ्यांदा तर असा गायला की मलाच धाप लागली. तू तसाच, डोळे मिटून. मी मनात म्हटलं, याला भरून आलंय. लहानपणी रडू आलं की तू असाच भिंतीशी डोळे मिटून उभा राहायचास आणि कुणी विचारलं की चिडायचास. म्हणून तू आत आलास तेव्हा मी काही विचारलं नाही. तू पाणी प्यालास, ओले बूट वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलेस आणि निघालास. मला ते शोभून दिसलं.

अभियंत्याला मी कालच सांगितलं, मोजपट्टी गुंडाळा आणि दुसरीकडे जागा शोधा. त्याने अहवाल येऊ दे म्हटलं. येऊ दे.

इतकी वर्षं मी तुला दीडशहाणा म्हणत आले. त्यातला दीड मागे घेते.

ताई


८ मे

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला तुझ्या वयाची काळजी वाटू लागली.

मी डोळे मिटले ते कंटाळ्याने. सहा ते सात, पुरा एक तास मी त्या चिखलात उभा होतो. एक पाणकोंबडी आणि दोन कावळे. त्याखेरीज फक्त वारा. तू म्हणतेस दहा पावलांवर तो तीनदा गायला. दहा पावलांवर तो गायला असता तर मेलेल्या माणसालाही कळलं असतं, आणि मी या विषयावर तीन ग्रंथ लिहिले आहेत.

वर, इतकं बजावूनही तू घरात मशीन खडखडवत होतीस. सहा चौदाला, सहा सत्तावीसला, सहा एक्केचाळीसला. तिन्ही वेळा माझ्या वहीत आहेत, ‘व्यत्यय’ या सदरात. तासभर मशीन बंद ठेवणं कुणालाही जमलं असतं. पण तुला सांगून उपयोग नाही हे मला बाबांच्या वेळेपासून ठाऊक आहे.

अहवाल नगरपालिकेकडे गेला. त्यातलं तुझ्यापुरतं वाक्य खाली देतो:

‘सदर पाणथळीत हा पक्षी नाही. शेजारी राहणाऱ्या एका शिंपिणीस ऐकू येणारा आवाज हा तिच्या व्यवसायातून उद्भवलेला भास असावा.’

ती शिंपीण माझी बहीण आहे हे मी लिहिलेलं नाही. तेवढी तुझी अब्रू राखली आहे.

भाऊ


१३ मे

भावास.

आशीर्वाद या पत्रापुरते थांबवले आहेत.

तुझा अहवाल नगरपालिकेच्या फलकावर लावलाय. शाळेचे गणवेश शिवायला टाकणाऱ्या बाया तो वाचून माझ्याकडे येतात आणि माझ्या कानांकडे बघतात. एका शिंपिणीस! तुझ्या पहिल्या मुलाखतीचा कोट या शिंपिणीने दोन रात्रीत उभा केला होता, बाबांच्या जुन्या कोटातून. तो अंगाला बसला हासुद्धा भासच असणार.

आता सोबतचं पुडकं उघड. अस्तराची पांढरी पट्टी आहे. तिच्यावर लाल टिपा आहेत. ही काय चिंधी पाठवली म्हणून फेकून देऊ नकोस, आधी वाच.

तू मागे लिहिलंस: तारीख, वेळ आणि किती वेळ. घड्याळाकडे बघत पेन्सिल धरायला मला सवड नसते, माझे दोन्ही हात कापडात असतात. पाय मात्र माझ्या हुकमात असतो. म्हणून तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रीत बसवली. पट्टी मशीनखाली ठेवायची. तो गायला लागला की पाय चालवायचा, तो थांबला की थांबवायचा. मग पट्टी दोन बोटं पुढे ओढायची आणि पुन्हा वाट बघायची. माझा पाय चाळीस वर्षं एका चालीने चालतोय. एक हात टीप म्हणजे अर्धं मिनिट, कधीही मोजून घे. टीप सुरू झाली ती वेळ आधी खडूने मांडायची आणि खडू पुसतो म्हणून मग धाग्याने काढायची. सुरुवातीला त्याने मशीन ऐकून मुक्काम हलवला असेल अशी भीती वाटली होती. उलट जास्त गायला लागला. त्याला मी त्याच्याच जातीची वाटत असेन.

अशा पट्ट्यांनी माझी पेटी भरलीय. तुला पाठवलेली पट्टी सव्वीस एप्रिलची आहे. तीन टिपा. शेवटची सहा हात लांब. सुरुवातीच्या वेळा वाच: सहा चौदा, सहा सत्तावीस, सहा एक्केचाळीस. मी हे आकडे त्याच दिवशी काढले आणि तुझं पत्र आलं मेच्या दहा तारखेला.

म्हणजे तो गात होता म्हणून मशीन वाजत होती. तुझ्या वहीत माझी मशीन आहे आणि पक्षी नाही. आता तूच सांग, कुणाच्या कानात काय वाजतंय.

तीसला सभा आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

ताई


१७ मे

ती. ताईस.

चिंधी मिळाली.

मी पक्षिशास्त्राला चाळीस वर्षं दिली आणि त्याच्या उत्तरादाखल मला अस्तराचा तुकडा येतो. पट्टीवरच्या टिपा एवढंच सिद्ध करतात की तू त्या दिवशी शिवत होतीस, आणि ते मी तुला आधीच कळवलं होतं. तू कशासाठी शिवत होतीस हे दोऱ्याला माहीत नसतं.

तरीही तुझं एकदाचं समाधान करतो. त्या तासाची टेप माझ्याकडे आहे. अजून लावलेली नाही, कारण काही घडलंच नाही तो तास पुन्हा ऐकायला मला वेळ नव्हता. आता लावतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो आणि त्यात काय नाही ते तुला लेखी कळवतो. त्यानंतर या विषयावर पत्र पाठवू नकोस.

भाऊ


२२ मे

वन्संना नमस्कार.

ह्यांना न सांगता लिहितेय. तुम्ही वाचून पत्र फाडून टाका.

मंगळवारी हे आतल्या खोलीत टेप लावून बसले होते. मी बाहेर चादरींच्या घड्या घालत होते. टेपवर नुसता वारा होता, मग ह्यांचं खोकणं. थोड्या वेळाने तुमची मशीन खडखडली, ती मी लगेच ओळखली. पण तिच्या आधी, एखाद्या श्वासाइतकं आधी, दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. बारीक, एकसुरी, दाताला लागेल असं. मशीन थांबायच्या जरासं आधी ते थांबलं. मला वाटलं वन्संकडे शिवायला आणखी कुणी बसतं. मी दारात जाऊन म्हटलं, “अहो, त्या दुसऱ्या मशीनला कुणीतरी तेल घाला.”

हे म्हणाले, “दुसरी कुठली?”

मी सांगितलं. त्यांनी टेप मागे नेली. मला समोर उभं केलं आणि म्हणाले, तो आवाज सुरू झाला की हात वर कर, थांबला की खाली घे, तोंडाने काही बोलू नकोस. मी हात वर केला की मशीन वाजायची. तीनदा तसंच झालं. मग पुन्हा पहिल्यापासून. असं दुपारभर चाललं, वन्सं. माझा हात भरून आला. हे माझ्याकडे बघत नव्हते, हाताकडेच बघत होते. शेवटी टेप बंद केली आणि तुमची पट्टी पुड्यातून काढली. तोवर ती केराच्या टोपलीशेजारी पडली होती.

बुधवारी एकटेच कानाच्या डॉक्टरकडे गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले की डॉक्टरने विचारलं, तुम्ही कधी बंदूक चालवायचात का. बारीक आवाज दोन्ही कानांनी गेलेत, बरेच दिवसांपासून, असं त्या कागदावर आहे.

मी सात वर्षं ह्यांच्या मते पुटपुटतेय. एकेक वाक्य तीनदा बोलायचं, वर बोलणी खायची. मुलीने फोन करणं सोडलं कारण बाबा म्हणतात नीट बोल. इतका राग साठवला होता की एकदा तरी वाजवून घ्यावा म्हणत होते. आता बघते तर पट्टी गुंडाळतात, उलगडतात, पुन्हा गुंडाळतात. रागही धड येईना.

सभा तीसला आहे हे माझ्या लक्षात आहे. मी लिहिलं असं कळू देऊ नका, आणि एवढ्या पत्रापुरतं ह्यांना टोचू नका.

तुमची भावजय


२४ मे

चि. भावास आशीर्वाद.

तुझ्या टेपवर काय निघालं ते मला माहीत नाही आणि मी विचारत नाही. टेपची यंत्रं जुनी झाली की दगा देतात असं ऐकलंय. पहिल्या वेळी आवाज दबलेला होता, घरी नीट ऐकल्यावर सापडला, इतकं नगरपालिकेला कळवलंस की काम झालं. कुणाच्या कानाने सापडला हे तिथे कोण विचारतंय? शिवण बिघडली की मी दोष सुईला देते. सुई बदलता येते.

माझ्या बाजूने मी काही बोलणार नाही. भासाचं वाक्य तसंच राहू दे. बाया आता माझ्या कानांकडे बघत नाहीत, त्यांना दुसरा विषय मिळालाय.

टपालाला दोन दिवस लागतात. सभेला सहा आहेत. तब्येतीला जप.

तुझी ताई


२६ मे

ती. ताईस नमस्कार.

हिने तुला पत्र लिहिलं हे तुझ्या सभ्यपणावरून कळलं. तू सभ्य कधीच नव्हतीस. हिला मी काही बोललेलो नाही. सात वर्षं बोलून झालंय.

यंत्रावर ढकलायचं मलाही सुचलं होतं. तुझं पत्र यायच्या आधीच तसा मजकूर लिहून ठेवला होता, चांगला जमला होता. तो फाडला. तुझ्यासाठी फाडला असं समजू नकोस. सेवानिवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत मी अशा सात पाणथळींना ‘पक्षी नाही’ असं लिहून दिलं आहे. सातही ठिकाणी मी पहाटे उभा राहिलो, तासभर ऐकलं आणि सही केली. काही ठिकाणी आसपासचे लोक सांगायला आले होते. एक कोळी होता. त्यालाही मी तारीख, वेळ आणि किती वेळ हे ऐकवलं. पाचांवर आता इमारती आहेत. दोन अजून बुजायच्या आहेत, आणि मी यंत्राला दोष दिला तर त्यांच्याकडे कुणी पुन्हा बघणार नाही.

नगरपालिकेला पाठवलेल्या पत्राची नक्कल:

‘माझा अहवाल मी मागे घेत आहे. पक्षी त्या तासात तीन वेळा गायला. निरीक्षक बहिरा होता. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शेजारच्या शिंपीण, ज्या माझ्या थोरल्या भगिनी आहेत, यांनी प्रत्येक गाण्याची तारीख, वेळ व कालावधी नोंदवला आहे. पट्टी व त्या तासाची टेप सोबत जोडली आहे; दोन्ही ताडून पाहावीत. या पाणथळीची सव्वीस वर्षांतली ही एकमेव विश्वासार्ह नोंद होय. अन्य सात ठिकाणचे माझे अहवालही याच कानांचे आहेत. ज्या दोन ठिकाणी अजून भराव पडलेला नाही, तिथे ऐकू येणारा माणूस पाठवावा, ही विनंती.’

या वाक्यांना मी कुठलंही विशेषण लावलं नाही. माझ्याकडे होती ती सगळी तुझ्यावर खर्च झाली.

लोक हळहळतील तेव्हा त्यांना सांग की यात हळहळण्यासारखं काही नाही. अकरा मी मारले, उरलेल्यांनी माझ्यापुरतं गाणं बंद केलं. हिशेब चोख आहे. चाळिसाव्या कप्प्यापुढे उभं राहिलो तर तिथे मला जितकं ऐकू येतं तितकंच तुझ्या खिडकीत येईल. म्हणून मी येणार नाही. येऊन काय ऐकू?

तुझा भाऊ


४ जून

चि. भावास अनेक आशीर्वाद. मधले थकलेलेही यात धर.

रडगाणं वाचलं. आता सभेचं ऐक.

तुझं पत्र कारकुनाने मोठ्याने वाचलं. ‘निरीक्षक बहिरा होता’ या वाक्याला मागून कुणीतरी हसलं. कारकुनाने दाखला दाखवला, मग कुणी हसलं नाही. त्यानंतर पट्टी उलगडली. ती टेबलापेक्षा लांब निघाली, तेव्हा दुसरं टोक अभियंत्याला धरायला लावलं आणि तो सभा संपेपर्यंत ते धरून उभा होता. टेप लावली. सभेत नऊ माणसं होती, बारीक आवाज ऐकू आल्यावर सातांनी हात वर केले. उरलेल्या दोघांना आता घरी कळेल. आगार दुसरीकडे नेणार, पाणथळीला कुणी हात लावायचा नाही, असा ठराव झाला. तुझ्या दोन जागांकडे पाठवायला त्यांनी एक मुलगी शोधलीय, पक्ष्यांचं शिकलेली. तिने माझ्याकडून पट्टीची रीत समजून घेतली. कान चांगले आहेत तिचे, हात मात्र शिवणाचा नाही.

उरलेल्या पाचांचं काही करता येणार नाही. ते तुझ्या नावावर राहणार. माझ्याकडून माफीची अपेक्षा करू नकोस, ती द्यायचा हक्क माझा नाही. पण तू लिहून दिलंस. तसं पत्र लिहिणारा माणूस मी आपल्या घरात दुसरा पाहिला नाही, बाबा धरून. हे एकदाच लिहितेय.

तुझं पुस्तक दारातून काढून वटवट्याचं प्रकरण वाचलं. बरं आहे. लांबलंय. मग परत दारात ठेवलं.

आता तू येणार नाहीस म्हणतोस त्याबद्दल. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून तो गप्प आहे. जोडी जमली असणार. काल एक मातकट शेपटी लव्हाळ्यात उतरताना दिसली. चार हात लांब उतरली आणि गवताखालून चालत गेली, अगदी तू लिहिलंस तशी. मशीनखालची पट्टी पाच दिवस कोरी आहे. दुसऱ्या विणीला तो पुन्हा गाईल तेव्हा तू मशीनच्या पाटावर तळहात ठेवून बस. पाट थरथरला की समज. तोवर तोंड बंद ठेवायचं आणि वही आणायची नाही. भावजयीला आण. तिला सात वर्षांचं बोलायचंय, मी ऐकेन.

पण तो गाईपर्यंत थांबू नकोस. सध्या या खिडकीत बसलं की तुला जेवढं ऐकू येतं तेवढंच मलाही येतं. तेव्हा आत्ताच ये.

तुझी ताई